वेतन आणि श्रेय

मजुरी चुकती केली की देणे फिटले, असे कायदा मानतो. नीतीही तेथेच थांबते काय?

अमेरिकेतील डेट्रॉइट शहरी निघालेल्या मोटाउन कंपनीच्या ध्वनिमुद्रिकांनी १९६० नंतरच्या दशकात कृष्णवर्णीयांचे 'सोल' गायन जगभर पोचविले. गायक कीर्तिमान झाले. वेतनी साथीदारांची नावे वेष्टनावर सहसा नसत. १९७१ साली मार्विन गे यांची 'व्हॉट्स गोइंग ऑन' ही ध्वनिमुद्रिका निघाली आणि तिच्या वेष्टनावर वादकांची नावे छापली गेली. खर्जाची साथ करणारे बास-गिटारवादक जेम्स जेमर्सन त्यांतलेच.

शीर्षकगीताची मूळ कल्पना रेनाल्डो बेन्सन यांची. गीतकारांत त्यांचे नाव आहे. कारण गीतरचनेतील हिस्सा कायदा जाणतो. साथीदाराच्या बोटांतून गीताला आलेला प्राण मात्र कायद्याच्या खातेवहीत बसत नाही. तेथे नाव देणे हे केवळ कृतज्ञतेचे काम उरते.

नावाने पोट भरत नाही, हा आक्षेप खरा. पण वेतन श्रमाचे असते, श्रेय माणसाचे. एक दिल्याने दुसरे फिटत नाही. जेमर्सन १९८३ मध्ये निवर्तले. रॉक अँड रोल हॉल ऑफ फेमने त्यांचा गौरव केला तो २००० साली. मुदत टळलेले देणे कायद्यात बुडते. नीतीत ते बुडत नाही. परंतु घेणारा उरत नाही.