मडकं टांगण्याआधी

सातारा-सांगलीच्या बाजारात ‘लव्हबर्ड्स’ मागितले की दुकानदार बऱ्याचदा ऑस्ट्रेलियातला बजरीगर दाखवतो; खरे लव्हबर्ड आफ्रिकेतले, आखूड शेपटीचे. घरी आल्यावर दोघांची कथा मात्र सारखीच. काही महिने नुसती जोडी असते. मग कुणीतरी सुचवतं, पिंजऱ्यात मडकं टांगा. बजरीगरला भोक पाडलेलं मडकं, लव्हबर्डला लाकडी पेटी. अंधारी, आडोशाची जागा मिळाली की मादी अंड्यांवर येते. जागाच नसेल तर सहसा येत नाही. नवे जीव जन्माला यावेत की नाहीत, हे ठरवणारा हात इथे माणसाचा असतो. धर्माचा प्रश्न सुरू होतो तो याच ठिकाणी.

कृष्णाकाठी जैन शेतकऱ्यांची मोठी वस्ती आहे. १८९९ साली स्थापन झालेल्या दक्षिण भारत जैन सभेचं मुख्य कार्यालयही सांगलीत आहे. या समाजात ज्याचं अध्ययन पिढ्यान्‌पिढ्या होत आलं, त्या उमास्वामींच्या तत्त्वार्थसूत्रात, सातव्या अध्यायात, अहिंसाव्रताचे पाच अतिचार, म्हणजे व्रताला लागणारे दोष, दिले आहेत: बंध, वध, छेद, अतिभारारोपण आणि अन्नपाननिरोध. कोंडणं, मारहाण करणं, अवयव छाटणं, झेपणार नाही एवढं ओझं लादणं, खाणंपिणं रोखणं. बैल-घोडे डोळ्यांसमोर ठेवून समजावली जाणारी ही यादी पिंजऱ्यालाही चकित करण्याइतकी लागू पडते.

पिंजरा हा तर उघड बंध. उडू नये म्हणून पंख कातरणं छेदाच्या अगदी जवळचं. अतिभार मात्र चटकन लक्षात येत नाही. बजरीगरची मादी दिवसाआड एक याप्रमाणे चार ते सहा अंडी घालते आणि साधारण अठरा दिवस उबवते; लव्हबर्डला बावीस-तेवीस दिवस लागतात. पिल्लं आंधळी, जवळजवळ उघडी जन्मतात. नर मादीला भरवतो, मादी पिल्लांना. पिल्लं बाहेर पडतात न पडतात तोच, मडकं तसंच टांगलेलं असेल तर पुन्हा अंडी. वर्षभर हे चालू राहिलं की मादीच्या अंगातलं कॅल्शियम सरतं, अंडं पोटात अडकू शकतं आणि तिचा जीवही जाऊ शकतो. वर्षातून दोन वेळा पिल्लं काढून मडकं उतरवणं, समुद्रफेण लावणं, उकडलेलं अंडं आणि भिजवलेलं धान्य देणं, हे व्रताच्याच भाषेत ओझं उतरवणं आहे.

अन्नपाननिरोधाला तर वाईट हेतूही लागत नाही. हे पक्षी राळं-बाजरी सोलून खातात आणि टरफलं वाटीतच टाकतात. वरून वाटी भरलेली दिसते, खाली दाणा नसतो. पिल्लं भरवणारी जोडी अशी दिवसभर उपाशी राहिली, तर सर्वांत धाकटं पिल्लू आधी जातं. रोज टरफलं फुंकून टाकायची, इतकं साधं काम आहे हे.

मग पिंजरा उघडून द्यावा का? जीवदयेपोटी पक्षी सोडण्याची जुनी रीत आहे, आणि तिच्यामागची कळकळ खरी आहे. सांगली जिल्ह्यातल्या बत्तीस शिराळ्यात नागपंचमीआधी नाग पकडून मडक्यांत ठेवत आणि सणानंतर सोडून देत. पुढे मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशांनी त्यावर निर्बंध आले. पण शिराळ्याच्या नागाला परतायला त्याचं शिवार होतं. पिंजऱ्यात जन्मलेल्या लव्हबर्डला असं शिवारच नाही. दाणा शोधणं, शिक्रा ओळखणं त्याला कुणी शिकवलेलं नसतं. त्याला सोडणं ही सुटका नव्हे, जबाबदारी अंगावेगळी करणं आहे. २०१९ च्या महापुरात सांगलीत घरांत पाणी शिरलं. अशा वेळी पिंजऱ्यातला जीव स्वतःहून तसूभरही हलू शकत नाही. ज्याने कोंडलं, त्यानेच तो आधी उचलला पाहिजे.

कायद्याने परदेशी पक्षी पाळता येतात. आपला पोपट मात्र १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे पाळता येत नाही. धर्माचा प्रश्न कायद्याच्या एक पाऊल आधी उभा आहे. असलेल्या जोडीला मोठा पिंजरा, सावली, रोजचं ताजं पाणी द्यावं; तिला शेवटपर्यंत सांभाळावं. पण होणारी पाच-सहा पिल्लं कुठे राहणार, याचं उत्तर घरात नसेल, तर मडकं टांगू नये.