आधी चाल अंगात मुरते

श्रोतेहो, जळगावजवळच्या असोदे गावच्या बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हतं. तरी जात्यावर बसल्या की ओवी सुचायची. चाल जुनी, शब्द त्या क्षणाचे. आधी चाल अंगात मुरते.

जॅझ शिकणाराही याच वाटेनं जातो. अमेरिकन संगीतकार जॉर्ज गर्श्विनचं ‘आय गॉट रिदम’ हे १९३० सालचं गाणं. वादक त्याची धून पाठ करतो, कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारे सूर, ओळखतो, ते कुठे बदलतात ते कानानं टिपतो. मग त्याच सांगाड्यावर स्वतःचे सूर. जॅझ वादक चार्ली पार्करनं त्यावर नव्या रचना उभ्या केल्या. आधी चाल अंगात मुरते.

मित्रहो, वागण्याचंही तसंच. कामाची रीत पक्की असली, की अवचित प्रसंगी माणूस गडबडत नाही.

जात्यावर सुचलेल्या बहिणाबाईंच्या त्या ओव्याही विरून गेल्या नाहीत; मुलगा सोपानदेव यांनी त्या जपल्या. आचार्य अत्रे यांच्या पुढाकारानं १९५२ मध्ये त्या ओव्यांचं पुस्तक निघालं.