गोसेवा आणि रक्ताचा थेंब

गाय सहाव्या-सातव्या महिन्यात गाभडते, वार अडकते, आणि घरची माणसे दृष्ट लागली म्हणतात किंवा नशिबाला बोल लावतात. पुढच्या खेपेला ती बहुधा दिवस भरून विते, दूध देते, अंगाने धडधाकट दिसते. ब्रुसेल्ला अबॉर्टस हा जिवाणू मात्र तिच्या कासेत आणि लसिकाग्रंथींत मुक्काम ठोकून असतो; दुधातून आणि विताना पडणाऱ्या स्रावातून तो बाहेर पडत राहतो. अशा गाईचे रक्त न तपासता तिला गोशाळेत इतर गाभण गाईंच्या दावणीला बांधणे, याला दया म्हणायचे का? मला ते मान्य नाही. रोग ओळखणे हा दयेचाच भाग आहे, आणि जो गाईला पूज्य मानतो त्याच्यावर ही जबाबदारी इतरांहून जास्त आहे.

माया असली की सगळे आपोआप कळते, हा समज इथे टिकत नाही. 1887 मध्ये माल्टा बेटावर डेव्हिड ब्रूस यांना तापाने मेलेल्या ब्रिटिश सैनिकांच्या प्लीहेत याच कुळातला जिवाणू सापडला. पण तो येतो कुठून, हे कळायला 1905 उजाडावे लागले. थेमिस्टोक्लीस झामिट यांनी शेळ्यांचे रक्त तपासले तेव्हा उलगडा झाला. त्या शेळ्या दिसायला निरोगी होत्या आणि रोज दूध देत होत्या. प्रत्यक्ष जिथे थकते तिथे अनुमानाला हात घालावा लागतो, हे आपल्या नैयायिकांनी केव्हाच सांगून ठेवले आहे. रोझ बेंगॉल चाचणी हे असेच अनुमान आहे. पट्टीवर रक्तरसाचा (सीरमचा) एक थेंब, शेजारी गुलाबी रंग दिलेल्या मृत जिवाणूंचा एक थेंब. दोन्ही मिसळून पट्टी हलवत राहायची. चार मिनिटांच्या आत मिश्रणात बारीक गुठळ्या धरल्या तर रक्तात प्रतिपिंडे आहेत. दिसतात ती प्रतिपिंडांची लक्षणे, जिवाणू नव्हे. लस टोचलेल्या निरोगी गाईच्या रक्तातही ती असू शकतात, येर्सिनिया या दुसऱ्याच जिवाणूमुळेही उठू शकतात. न्यायशास्त्रात ज्याला सव्यभिचार हेतू म्हणतात तो हाच दोष. म्हणून एका चाचणीवर गाईला दोषी ठरवू नये. लसीकरणाची नोंद पाहावी, एलायझासारखी दुसरी चाचणी करावी. इतकी काटेकोर शंका घेणे, हाही मला त्या जनावराचा मान राखणेच वाटते.

सर्वांत वजनदार आक्षेप असा की तपासणीच्या पाठोपाठ कत्तल येते. अनेक देशांनी बाधित जनावरे मारूनच हा रोग हटवला, हे खरे आहे. महाराष्ट्रात 2015 पासून गाय, बैल, वळू यांच्या कत्तलीला पूर्ण बंदी आहे, त्यामुळे ती वाट इथे नाहीच. खरी भीती निराळी आहे: गाय बाधित निघाली तर मारता येत नाही, सांगून विकता येत नाही, पोसायची मात्र आपणच. मग ती गुपचूप बाजारात जाते आणि रोग दुसऱ्याच्या गोठ्यात उतरतो. अज्ञान राखून केलेली ही अहिंसा हिंसेची फक्त जागा बदलते. जिवाणूही जीवच ना, असे कोणी विचारील. जैन परंपरेत गृहस्थाच्या अणुव्रताचा भर त्रस, म्हणजे दोन किंवा अधिक इंद्रिये असलेल्या, जीवांची हिंसा टाळण्यावर आहे. दूध उकळू नका, असे ते व्रत सांगत नाही. आणि प्रारब्धाचे म्हणाल, तर गाभडलेल्या गाईला चारा-पाणी देताना आपण प्रारब्धाकडे बोट दाखवत नाही. मग तपासणीपुरतेच ते का आठवावे?

या सगळ्यात जो माणूस उघड्या हातांनी अडकलेली वार ओढतो, त्याचा विचार गोसेवेच्या चर्चेत क्वचितच येतो. चढउतार करणारा ताप, रात्रीचा घाम, महिनोन्‌महिने धरलेले सांधे त्याच्या वाट्याला येतात. 2019 पासूनच्या राष्ट्रीय कार्यक्रमात चार ते आठ महिन्यांच्या कालवडींना ब्रुसेल्लाची लस दिली जाते. ती आयुष्यात एकदाच टोचावी लागते. पण बाधित होऊन बसलेल्या गाईला ती बरी करत नाही. गोशाळेला देणगी देणाऱ्यांनी म्हणूनच चाऱ्याच्या पावतीबरोबर आणखी तीन गोष्टी विचाराव्यात: नवी गाय आत घेण्याआधी तिचे रक्त तपासले जाते का, बाधित गाईंसाठी विण्याची जागा वेगळी आहे का, आणि वार पुरण्यासाठी खोल खड्डा, चुना व हातमोजे यांची सोय आहे का.