वडील माणसांचें विसरणें



आईबापांचा मान राखण्याची आज्ञा आपण उपासनेंत नेहमीं ऐकतों. परंतु जेथें म्हातारी सासू सुनेस चोर म्हणूं लागते, तेथें ती पाळणें किती कठीण, हें उपदेशकांपेक्षां सुनांस अधिक ठाऊक आहे! सासूबाईंनीं पैशांची पुरचुंडी आपणच ज्वारीच्या कणगींत ठेविली, तें त्या विसरल्या, आणि आळ सुनेवर आला.

हा दुष्टपणा नसून मेंदूचा रोग असूं शकतो. त्यास स्मृतिभ्रंश म्हणतात. अल्झायमर नामक जर्मन डॉक्टरांनीं १९०६ सालीं ज्या स्त्रीच्या रोगाचें वर्णन केलें, तिलाही विसराळूपणाबरोबर नवऱ्याविषयीं संशय जडला होता.

एखादें नांव विसरून मागाहून आठवणें हें वार्धक्याचें साधें लक्षण होय. परंतु आतांच दिलेलें उत्तर विसरून तोच प्रश्न पुनः पुनः विचारणें, जन्मभर भाकरी केलेल्या हातांस पीठ मळण्याची रीत न सुचणें, बाजारांत मोड मोजतां न येणें, आपल्याच शेताची वाट चुकणें, हें महिनोगणती वाढत गेलें तर दुर्लक्ष करूं नये. अशीं माणसें लहानपणच्या गोष्टी मात्र बिनचूक सांगतात, म्हणून घरचे म्हणतात, "सोंग आहे!" तें सोंग नव्हे. जुनें टिकतें, नवें ठरत नाहीं.

भूतबाधा समजून भगताच्या अंगाऱ्यांत दिवस घालवूं नयेत. प्रार्थना करावीच, परंतु डॉक्टराकडेही न्यावें. ब-१२ जीवनसत्त्वाची उणीव, थायरॉईडचा मंदपणा, मनाची खिन्नता ह्यांमुळेंही विसर पडतो, आणि त्यांवर उपचार आहेत. एक-दोन दिवसांतच भ्रम झाला तर त्याच दिवशीं न्यावें. खऱ्या स्मृतिभ्रंशास समूळ बरें करणारें औषध अद्याप नाहीं. तरी वेळीं कळल्यास जमीनजुमल्याविषयीं वडिलांची इच्छा शुद्धींत विचारून घेतां येते. इसहाकाची दृष्टि मंद झाली तेव्हां त्यास फसविणारा घरचाच होता.

उपदेशक बंधूंनो, भेटीस जाल तेव्हां वृद्धांकडून पाठ वचनें म्हणवून परीक्षा घेऊं नका. तीं त्यांस येतील. सुनेस बाजूला विचारा, "गेल्या वर्षापासून काय बदललें?" आणि तिला सांगा कीं, पुरचुंडीवरून वाद घालूं नये. "चला आई, दोघी मिळून शोधूं," असें म्हणावें, आणि सांपडली कीं ती त्यांच्याच हातीं द्यावी.