पाखरांची शाळा



चिंता करू नका, ही प्रभू येशूची शिकवण आपणा सर्वांना पाठ आहे. परंतु चिंतेवर प्रभूने जो उपाय सांगितला, तो आपण सहसा करीत नाही. मत्तयच्या शुभवर्तमानातील सहाव्या अध्यायात त्याने शिष्यांना आकाशातल्या पाखरांकडे नीट पाहायला सांगितले आहे. हा केवळ भाषेचा अलंकार नाही. गुरूने दिलेला तो गृहपाठ आहे.

गेल्या हिवाळ्यात आपल्या युवा संघातील काही मुलामुलींबरोबर किनाऱ्यावरील दोन दिवसांच्या पक्षी महोत्सवाला जाण्याचा योग आला. शनिवारी सायंकाळी तिथल्या चर्चमध्ये रविवारचा मिस्सा अर्पण केला आणि दुसऱ्या दिवशी पहाटे दुर्बिणी घेऊन आम्ही खाडीच्या काठी उभे राहिलो.

महोत्सवाचे वेळापत्रक भरती-ओहोटी पाहून आखलेले होते. ओहोटी लागून चिखल उघडा पडला की पक्षी खाली उतरतात, कारण किडे, शिंपले, लहान खेकडे हे त्यांचे अन्न त्या चिखलातच असते. भरती आली की ते उंच जागी, पुष्कळदा एका पायावर, शांत उभे राहतात. पाणी लवकर ओसरावे म्हणून एकही पाखरू धडपडत नाही, आणि पाणी ओसरल्यावर एकही पाखरू निजून राहत नाही. आपल्या कोळी बांधवांना हे वेगळे सांगायला नको. चिंता न करणे म्हणजे हातावर हात धरून बसणे नव्हे. आपले मात्र उलटे होते: भरतीच्या वेळी आपण तडफडतो आणि ओहोटी लागते तेव्हा थकून बसलेले असतो.

तेथे गॉडविट नावाच्या लांब चोचीच्या पक्ष्याची हकिकत ऐकली. ऑक्टोबर २०२२ मध्ये जेमतेम पाच महिन्यांचे एक गॉडविट अलास्काहून निघाले आणि कुठेही न थांबता ११ दिवसांत सुमारे १३,५६० किलोमीटर उडून ऑस्ट्रेलियातील टास्मानिया बेटावर उतरले. त्याच्या अंगावरील छोट्या यंत्रामुळे उपग्रहाद्वारे ही नोंद झाली. या जातीची पिल्ले बहुधा आईबाप निघून गेल्यावर मागाहून निघतात. ज्यांची मुले आखातात, कॅनडात किंवा जहाजावर आहेत, अशा आईवडिलांनी हे पाखरू आठवावे. लेकराबरोबर आपण सर्वत्र जाऊ शकत नाही. परंतु ज्याने पाखराच्या अंगात वाट ठेवली, तो आपल्या लेकराला वाऱ्यावर सोडणार नाही.

तेव्हा आमच्यातील एका मुलीने विचारले, "फादर, जी पाखरे वाटेतच पडतात त्यांचे काय?"

हा प्रश्न टाळता येत नाही. चिमणी कधी पडणारच नाही, असे प्रभूने कुठेही म्हटलेले नाही. ती पडते तेव्हाही पित्याच्या नजरेबाहेर नसते, एवढेच त्याने सांगितले (मत्तय १०). विश्वास म्हणजे काही विमा नव्हे. ज्यांच्या घरात यंदा मरण येऊन गेले, त्यांना "चिंता करू नका" असे वरवर सांगून निघून जाऊ नका. त्यांच्याजवळ बसा. पित्याची नजर त्यांच्यापर्यंत पुष्कळदा आपल्याच डोळ्यांतून पोहोचते.

आणि काही पाखरे आपणच पाडतो. खाडीचा चिखल म्हणजे पडीक जागा समजून त्यावर भराव टाकला, की हजारो किलोमीटर उडून आलेल्या पाहुण्याचे ताट आपण ओढून घेतो. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१५ सालच्या 'लाउदातो सी' या परिपत्रकात बजावले आहे, की देवाने निर्मिलेले जीव नाहीसे करण्याचा आपल्याला अधिकार नाही.

तेव्हा या आठवड्यात प्रभूचा गृहपाठ करू या. एके दिवशी सकाळी मोबाईल घरी ठेवून किनाऱ्यावर किंवा वाडीतल्या बावखलाकाठी पंधरा मिनिटे उभे राहा. मुलांनाही बरोबर न्या. समोरच्या पाखराकडे नीट पाहा. मग मनातली एक चिंता स्वर्गीय पित्याला स्पष्ट शब्दांत सांगा आणि आपल्या कामाला लागा.

प्रभू आपणा सर्वांना आशीर्वाद देवो.