शिकलेल्या लेकीने गावी परत यावे काय?

आमच्या नाशिक जिल्ह्यातील खेड्यापाड्यांत एक प्रश्न वारंवार कानी पडतो. गरिबाची मुलगी शिकून परिचारिका किंवा डॉक्टरीण झाली, म्हणजे तिने आपल्या लोकांत परत यावे काय? आईबाप म्हणतात, तिचे कल्याण शहरात आहे. गाव म्हणते, ती आमची आहे. दोन्ही बोलण्यांत तथ्य दिसते. म्हणून वाचकांबरोबर या प्रश्नाचा थोडा विचार करावा असे आम्हांस वाटते.

उदाहरणादाखल फिजिओथेरपीची विद्या घेऊ. १९९८ साली नाशिक येथे स्थापन झालेले महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ या विद्येची पदवी देते. ही विद्या म्हणजे नुसते अंग चोळणे नव्हे. अर्धांगवायूने लुळा पडलेला हात, मोडून सांधलेला पाय, जन्मापासून ताठ राहिलेले मुलाचे अवयव, यांच्याकडून नेमाने व्यायाम करवून घेऊन गेलेली हालचाल होईल तितकी परत मिळविणे, हे तिचे कार्य. एक सुई टोचून किंवा पुडी देऊन येथे भागत नाही. आठवडेच्या आठवडे रोग्यानेच श्रम करावयाचे असतात, आणि त्याचा धीर सुटू न देणे हाच अर्धा उपचार होय.

आता पेठ-सुरगाण्याच्या डोंगरातील एखाद्या कोकणा किंवा महादेव कोळी बाईचा गुडघा बरा झाला असे केव्हा म्हणावे? शहरातील उपचारक म्हणेल, ती खुर्चीवरून उठू लागली, जिना चढू लागली, म्हणजे झाले. पण तिच्या घरी ना खुर्ची, ना जिना. तिला चुलीपुढे उकिडवे बसावयाचे असते, चिखलात वाकून भाताची आवणी करावयाची असते, डोक्यावर हंडा घेऊन चढण चढावयाची असते. ज्या मुलीने आपल्या आईला हे करताना पाहिले, तिला हे निराळे सांगावे लागत नाही. शिवाय, दुखणे कोठे व कसे आहे हे रोगी आपल्या बोलीतच नीट सांगू शकतो. तेव्हा आपल्या माणसाच्या हातून होणाऱ्या उपचारात एक विशेष गुण आहे, हे मान्य केलेच पाहिजे.

याची साक्ष आपल्या शेजारच्या जिल्ह्यातच आहे. अहमदनगर (आताच्या अहिल्यानगर) जिल्ह्यातील जामखेड येथे डॉ. रजनीकांत आरोळे व डॉ. मेबल आरोळे या ख्रिस्ती दांपत्याने १९७० साली ग्रामीण आरोग्याचे काम आरंभिले. वेल्लोर येथे वैद्यकी शिकून व पुढे अमेरिकेत अधिक अध्ययन करून ती उभयता परत आली होती. परंतु त्यांनी सर्व विद्या आपल्याच हाती ठेविली नाही. गावोगावच्या लोकांनी निवडलेल्या बायांना त्यांनी शिकविले. त्यांपैकी कित्येक निरक्षर होत्या, कित्येक गावकुसाबाहेरच्या. ज्यांचा विटाळ मानला जाई, त्याच बाया बाळंतपणे करू लागल्या, हगवण लागलेल्या मुलाला मीठसाखरेचे पाणी कसे पाजावे हे आयांना शिकवू लागल्या, कुष्ठाचा डाग ओळखू लागल्या. पाय गमावलेल्यांसाठी तेथे कृत्रिम पायही तयार होऊ लागले. १९७९ साली आरोळे दांपत्यास मॅगसेसे पारितोषिक मिळाले. पण त्यात त्या बायांचाही वाटा होता असे आम्ही समजतो.

परंतु येथे एक आक्षेप निघतो, आणि तो हलका नाही. शहरातील सधन डॉक्टराचा मुलगा मुंबईस किंवा विलायतेस गेला, तर त्याला कोणी जाब विचारीत नाही. मग पाड्यावरच्या मुलीलाच ऋणाचा हिशेब का दाखवावा? ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या काही मिळाले नाही, त्यांच्याच लेकरांनी आधी फेड करावी, हा कोणता न्याय? आमच्या मते हा न्याय नव्हे. सरकारी कॉलेजाचा खर्च ज्या करांतून चालतो, ते कर साबणाची वडी विकत घेणारा मजूरही भरतो. म्हणून विद्येचे ऋण शिकलेल्या सर्वांवर सारखेच आहे.

दुसरे असे की, परत आलेल्या एकटीवर सर्व भार पडतो. आनंदीबाई जोशी यांचे नाव वाचकांस ठाऊक आहे. १८८६ साली त्या फिलाडेल्फिया येथील स्त्रियांच्या वैद्यकीय कॉलेजातून डॉक्टर झाल्या; परंतु कोल्हापूरच्या रुग्णालयातील काम हाती घेण्यापूर्वीच १८८७ साली वारल्या. त्याच कॉलेजातून १८८९ साली सुसान ला फ्लेश ही मुलगी डॉक्टर झाली. तिचाही जन्म आनंदीबाईंप्रमाणे १८६५ चा. ती अमेरिकेच्या मूळ रहिवाशांपैकी ओमाहा जमातीची होती, आणि आपल्या लोकांतच परत गेली. सुमारे १२०० माणसांना ती एकटी डॉक्टर. हिमात व वाऱ्यात मैलोगणती फिरून तिची प्रकृती इतकी ढासळली की, १८९३ साली तिला सरकारी नोकरी सोडावी लागली. सेवा मात्र तिने सोडली नाही. वॉल्टहिल येथे तिच्या खटपटीने रुग्णालय उघडले ते १९१३ साली, आणि १९१५ साली ती वारली. ती परत आल्यावर चोवीस वर्षांनी तिच्या लोकांना ते रुग्णालय मिळाले, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

तेव्हा मुलीने परत यावे काय, याचे आमचे उत्तर असे: यावे, ही इच्छा योग्य आहे, पण ती आज्ञा होऊ नये. ज्या सेवेस नाही म्हणण्याची मोकळीक नाही, ती सेवा नसून वेठ होय. आणि मुलीला प्रश्न करण्यापूर्वी गावाने स्वतःस विचारावे. तिला राहण्यास सुरक्षित खोली आहे काय? तिच्या श्रमाचे मोल कोण देणार? तिच्या हाताखाली शिकण्यास गावच्या दोनचार बाया तयार आहेत काय? ती मुलगी आहे, लहान आहे, म्हणून तिचे सांगणे हसण्यावारी तर नेले जाणार नाही ना?

खेड्यांतील आमच्या उपदेशक व शिक्षक बंधुभगिनींनी या गोष्टी मंडळीच्या पंचांपुढे अवश्य मांडाव्या. लेकीला माहेरी बोलावणारे आईबाप आधी घर सारवून ठेवतात. गावानेही तितके तरी केले पाहिजे.