सोडलेली जादू

१९६४ ते १९७२ पर्यंत अमेरिकेत ‘बिविच्ड’ ही दूरचित्रवाणी-मालिका चालली. तिचे कथाबीज एवढेच : समंथा नावाची चेटकीण जाहिरातींच्या धंद्यातल्या एका साध्या माणसाशी लग्न करते. जादू सोड, असे तो म्हणतो. ती कबूल होते. पण नाक हलवून चमत्कार केल्यावाचून तिला राहवत नाही. आपण हसतो.

परंतु प्रेमाने केलेला त्याग आणि प्रेमाच्या नावाने मागितलेला त्याग, या एकच गोष्टी काय? पहिल्यात देणाऱ्याचे मोठेपण असते. दुसऱ्यात बहुधा मागणाऱ्याची भीती.

आमच्या माळ्यावर बाजाची पेटी होती. पत्नीने ती आपण होऊन ठेवली, असे मी वीस वर्षे सांगत आलो. यंदा दिवाळीच्या आवराआवरीत मी ती खाली काढली. आता, वाचकहो, पत्नीला खरे विचारण्याचे धैर्य तेवढे गोळा करतो आहे.